वेगळ्या धर्माच्या, वेगळ्या रीतीच्या माणसाशी बोलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी वेगवेगळ्या धर्मांच्या आणि रीतिरिवाजांच्या माणसांना एकत्र बसवून बोलतं करण्याचं काम करते. बैठकीला येणारे लोक प्रश्न घेऊनच येतात. त्यातले थोडेच प्रश्न धर्माविषयी असतात. बहुतेकांना धास्ती असते ती स्वतःच्या जिभेची. काय बोलू, कसं बोलू, कुठे थांबू? पुन्हा पुन्हा कानावर आलेले प्रश्न आणि मला सुचलेली उत्तरं इथे लिहिली आहेत.

माझ्या तोंडून काहीतरी चुकीचं जाईल अशी भीती वाटते. काय करू?

जाईल, कधी ना कधी जाणारच. माझ्याही तोंडून गेलं आहे. एका ओळखीच्या गृहस्थांना मी एका दिवशी मोठ्या उत्साहाने शुभेच्छा दिल्या. त्यांच्या परंपरेत तो दिवस शोकाचा होता. ते शांतपणे म्हणाले, "आज आमच्याकडे दुखवटा असतो." मी इतकी ओशाळले की पुढची पाच मिनिटं माफीच मागत राहिले. अखेर त्यांनाच माझी समजूत काढावी लागली. ज्यांच्या घरी दुःख होतं त्यांनीच मला धीर दिला. आता मागे वळून पाहते तेव्हा शुभेच्छांची चूक किरकोळ वाटते. ती लांबलेली माफी मात्र अजून सलते.

तेव्हापासून मी "चुकलं माझं, मला ठाऊक नव्हतं" एवढंच म्हणते आणि थांबते. समोरच्याला सांगावंसं वाटलं तर ऐकते. "मला तसं म्हणायचं नव्हतं" हे वाक्य शक्यतो टाळा. त्याने आपला हेतू धुऊन निघतो, पण ज्याला लागलं त्याचं लागणं तसंच राहतं.

पुढच्या वर्षी त्याच दिवशी मी त्यांना फोन केला आणि म्हटलं, "आज तुमची आठवण आली." ते बराच वेळ बोलले. लहानपणी त्या दिवशी घरातला सूर कसा बदलायचा, आई दिवसभर कशी कमी बोलायची, ते सगळं. त्या चुकीशिवाय हे मला कधी कळलं नसतं.

आत्मविश्वास म्हणजे आपल्या हातून चूक न होण्याची हमी, असं पुष्कळांना वाटतं. मी जी धीट माणसं पाहिली, त्यांचा धीर चूक सावरता येते या खात्रीतून आलेला होता. आणि ही खात्री एकदोनदा प्रत्यक्ष सावरल्याशिवाय येत नाही.

आणखी एक दिलासा देते. एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अनोळखी माणसांच्या संभाषणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. बोलणं संपल्यावर "मी समोरच्याला कितपत आवडलो असेन" याचा लोकांनी केलेला अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमीच निघाला. माणसं स्वतःला वाटतं त्याहून जास्त आवडली होती. घरी जाताना जे एक वाक्य तुम्हाला टोचत राहतं, ते समोरच्याने मनावर घेतलंच असेल असं नाही.

समोरच्याच्या धर्माबद्दल मला फारसं ठाऊक नाही. आधी वाचून तयारी करू का?

थोडं वाचलंत तर चांगलंच, पण वाचून होईपर्यंत थांबू नका. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये असं मांडलं की वेगळ्या गटांतली माणसं योग्य परिस्थितीत एकमेकांच्या सहवासात आली तर पूर्वग्रह ओसरतात. थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला आणि ऑलपोर्टच्या म्हणण्याला भक्कम आधार मिळाला. मग २००८ मध्ये या दोघांनी पुढचा प्रश्न हाती घेतला. सहवासातल्या नेमक्या कशाने पूर्वग्रह कमी होतो? त्यांनी तीन कारणं तपासली. दुसऱ्या गटाबद्दलची माहिती वाढणं, मनातली धास्ती उतरणं आणि समोरच्याचं सुखदुःख आपल्याला जाणवणं. माहितीचा वाटा तिन्हींत सर्वांत कमी निघाला.

हे वाचलं तेव्हा माझं एक जुनं कोडं सुटलं. आमच्या बैठकींत सर्वांत जास्त वाचून आलेला माणूस पुष्कळदा सर्वांत अवघडलेला का असतो, हे मला कळत नसे. तो समोरच्याचं ऐकत नसतो, वाचलेल्याशी पडताळून पाहत असतो. मग कधीतरी "पण तुमच्या ग्रंथात तर असं लिहिलंय" असं म्हणून समोरच्याला त्याचाच धर्म शिकवू लागतो. एखाद्याच्या आयुष्यभराच्या श्रद्धेपुढे आपलं आठवड्याभराचं वाचन ठेवणं हे नकळत घडतं, पण लागतं फार.

तयारी करायचीच असेल तर रोज उपयोगी पडेल एवढीच करा. समोरच्याच्या नावाचा नेमका उच्चार विचारून घ्या. तो त्याच्या प्रार्थनास्थळाला, पवित्र ग्रंथाला काय म्हणतो ते ऐका आणि तोच शब्द वापरा.

कुतूहल खरं आहे, पण प्रश्न उद्धट वाटेल का?

कुतूहलाचा राग फारसा कुणाला येत नाही. राग येतो तो प्रश्नाच्या घडणीचा, आणि मराठीत ही घडण फार नकळत चुकते. आपण सहज विचारतो, "तुमच्यात असं असतं ना?" "तुमच्यात हे चालतं का?" हा "तुमच्यात" समोरच्याला एका क्षणात लाखो माणसांचा वकील करून टाकतो. तो स्वतः काय मानतो, ते करतो की सोडून दिलं, घरात त्यावरून भांडण आहे का, हे सगळं त्या एका शब्दाखाली दडपून जातं. "तुम्ही लोक" तर त्याहून बोचरं.

त्याऐवजी "तुमच्या घरी कसं असायचं?" असं विचारून पाहा. किंवा "तुम्ही स्वतः यात कितपत रमता?", "लहानपणी तुम्हाला हे कुणी समजावलं?" स्वतःच्या घराबद्दल बोलताना माणूस मोकळा असतो. संपूर्ण धर्माबद्दल बोलताना तो सावध होतो, कारण आपण चुकीचं सांगितलं तर बोल सगळ्यांना लागेल ही चिंता त्याला असते.

"का" या शब्दाचीही काळजी घ्या. "तुम्ही हे का करता?" यात जाब विचारल्याचा सूर येतो आणि माणूस समर्थन देऊ लागतो. "यातून तुम्हाला काय मिळतं?" असं विचारलं की तो आठवणी सांगू लागतो. आणि आधी परवानगी घ्या. "एक विचारू का? नको वाटलं तर राहू द्या." हे म्हणायचं असेल तर मनापासून म्हणा, म्हणजे खरंच "नको" ऐकू आलं तर हसून विषय बदलता आला पाहिजे. प्रश्नामागचं कारण सांगितलं तर आणखी बरं. "आपण पुढच्या आठवड्यात एकत्र प्रवासाला निघतोय, तुमच्या प्रार्थनेच्या वेळा सांगितल्यात तर थांबे तसे ठरवू" हा प्रश्न कुणालाही आवडेल.

मी स्वतःला समोरच्याच्या जागी ठेवून विचार करतो. तेवढं पुरे नाही का?

त्यामागची भावना चांगली आहे, पण तेवढ्याने भागत नाही. ताल एयल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एपली यांनी २०१८ मध्ये २५ प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. दुसऱ्याच्या जागी स्वतःची कल्पना केल्याने त्याच्या मनाचा अंदाज अधिक अचूक येतो, असं त्यात दिसलं नाही. सरळ विचारलं तेव्हा मात्र अचूकता वाढली. मला याचं नवल वाटत नाही. त्याच्या जागी मी गेले तरी मन माझंच घेऊन जाते. मग मला जे अपमानास्पद वाटलं असतं तेच त्याला वाटत असणार असं धरून चालते. तेव्हा कल्पना करा, आणि नंतर विचारून ती बरोबर होती का हेही पाहा.

मी तर कौतुकच केलं होतं. तरी समोरच्याचा चेहरा पडला. असं का?

"तुम्ही त्यांच्यातले वाटतच नाही हो!" हे बहुधा तुमचं वाक्य असेल, किंवा "तुम्ही बरे आहात, बाकीचे तसे नसतात." यात एकाला वर उचलताना त्याच्या सगळ्या माणसांना खाली ढकललं जातं. त्याची आईही त्या "बाकीच्यां"त येते. कौतुक त्या माणसाच्या गुणाचं करा आणि तिथेच थांबा.

हात मिळवायचा का, डोळ्यांत बघून बोलायचं का, जवळ बसायचं का?

पहिली हालचाल समोरच्याला करू द्या आणि तिला साथ द्या. घाई नसली की हे आपोआप जमतं.

मला त्यांचं म्हणणं पटत नाही. आदर राखायचा म्हणजे गप्प बसायचं का?

या प्रश्नाचं उत्तर मला सर्वांत जास्त महत्त्वाचं वाटतं. गप्प बसण्याला आदर समजलं की संभाषण गुळमुळीत होतं. "शेवटी सगळं एकच आहे" असं म्हणून सगळे उठतात आणि कुणाला कुणाचं काहीच कळलेलं नसतं. ज्याने आपल्या श्रद्धेसाठी पुष्कळ सोसलं आहे, त्याला "सगळं एकच" हे ऐकताना आपलं सोसणं पुसल्यासारखं वाटतं.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने आपल्या बाराव्या शिलालेखात याच विषयावर लिहवून ठेवलं आहे. त्यात वाणीवरच्या संयमाला फार मोठं स्थान आहे. प्रसंग नसताना आपल्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करू नये, आणि प्रसंग असलाच तरी ती सौम्य असावी, असं तो सांगतो. मतभेद मांडूच नयेत असं तो म्हणत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. तो वेळ आणि मोजमाप सांगतो. पुढे जाऊन तो म्हणतो की आपल्या पंथाच्या अभिमानापायी जो दुसऱ्याचा पंथ हिणवतो, तो आपल्याच पंथाला इजा करतो.

मराठीत तर एकनाथांनी सोळाव्या शतकात हिंदू आणि तुर्क (म्हणजे मुसलमान) यांचा संवादच रचला आहे. त्यातली दोघं एकमेकांच्या श्रद्धेवर अगदी तिखट बोलतात, एकही घाव राखून ठेवत नाहीत, आणि शेवटी आदराने नमस्कार करून एकमेकांना आलिंगन देतात. भांडणातून भेटीपर्यंतची ती वाट कवीला ठाऊक होती.

प्रत्यक्षात कसं करायचं? आधी समोरच्याचं म्हणणं तुमच्या शब्दांत त्याला ऐकवा आणि विचारा, "मी बरोबर समजलो का?" तो "हो, असंच" म्हणाला की मग बोला, "मी याकडे वेगळं पाहतो." "तुमचं चूक आहे" या वाक्याने दार बंद होतं. "मी वेगळं पाहतो" म्हटल्यावर समोरचा बहुतेक वेळा विचारतो, "ते कसं?" तुम्हाला हवा असलेला प्रश्न त्यानेच विचारलेला असतो.

ऐकून घेता घेता माझीच श्रद्धा डळमळली तर?

ही भीती लोक हळू आवाजात सांगतात, म्हणून तिला इथे जागा देते. इतिहासातला एक प्रसंग मला नेहमी आठवतो. १२१९ साली पाचव्या क्रुसेडमध्ये, म्हणजे ख्रिस्ती आणि मुस्लिम सैन्यांमधल्या धर्मयुद्धात, इजिप्तमध्ये नाईल नदीच्या मुखाशी दमिएता शहराला वेढा पडलेला असताना, असिसीचे ख्रिस्ती संत फ्रान्सिस शत्रूच्या छावणीत जाऊन मुस्लिम सुलतान अल-कामिल यांना भेटले. सुलतानाने त्यांचं ऐकून घेतलं आणि त्यांना सुखरूप परत पाठवलं. दोघांनीही आपला धर्म सोडला नाही. दोन पक्की माणसं ऐन युद्धात एकमेकांसमोर बसून बोलू शकली.

तुमच्या मनात प्रश्न उठतील, हे मात्र खरं. काहींची उत्तरं तुमच्याच परंपरेतल्या जाणत्या माणसाकडे असतील. ते विचारायला जाण्याचं निमित्त मिळालं असं समजा.

मी कुठलाच धर्म मानत नाही. मला यात स्थान आहे का?

नक्कीच आहे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं अठरावं कलम विचार, सदसद्विवेक आणि धर्म या तिन्हींच्या स्वातंत्र्याबद्दल एकत्रच बोलतं. फक्त एक सांभाळा. श्रद्धाळू माणूस कमी विचार करतो असं गृहीत धरून बोलू नका. त्यानेही तुम्हाला नीतीचा आधार नाही असं धरून चालू नये. दोन्ही गैरसमज बोलण्याच्या सुरातूनच कळतात.

चर्चा नेहमी "तुमच्या धर्मात हे वाईट, आमच्या धर्मात ते चांगलं" इथे येऊन अडकते.

स्टॉकहोमचे बिशप क्रिस्टर स्टेंडाल यांनी १९८५ मध्ये तीन नियम सांगितले होते. दुसरा धर्म समजून घ्यायचा असेल तर तो मानणाऱ्यांना विचारा, त्याच्या विरोधकांना विचारू नका. आपल्याकडच्या सर्वोत्तमाची तुलना त्यांच्याकडच्या सर्वांत वाईटाशी करू नका. आणि तिसरा मला सर्वांत अवघड वाटतो. दुसऱ्याच्या धर्मातलं असं काहीतरी शोधा, जे आपल्याकडे असतं तर बरं झालं असतं असं वाटेल. याला ते पवित्र हेवा म्हणत. बैठकीत मी हा तिसरा प्रश्न विचारते तेव्हा खोली शांत होते. मग कुणीतरी म्हणतं, "तुम्ही आजाऱ्याला भेटायला ज्या नेमाने जाता, तो आमच्याकडे राहिला नाही." त्या एका वाक्यानंतर बोलण्याचा पोत बदलतो.

मी गटात एकटीच वेगळ्या धर्माची आहे. सतत मलाच खुलासे द्यावे लागतात. थकले आहे.

थकणारच. हा भार इतरांना दिसत नाही, म्हणून तो जास्त जड होतो. कुठे काही घडलं की दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या नजरा तुमच्याकडे वळतात, जणू तुम्हीच निवेदन द्यायचं आहे. तुम्ही कुणाच्याही प्रवक्त्या नाही. "आज यावर बोलायची ताकद नाही", "याबद्दल मी सगळ्यांच्या वतीने सांगू शकत नाही, माझ्यापुरतं सांगते", "हे तुम्ही वाचून बघा, मग आपण बोलू" यातलं कुठलंही उत्तर पुरेसं आणि सभ्य आहे. प्रत्येक प्रश्नाला शिक्षिकेसारखं उत्तर देण्याचं कर्तव्य तुमच्यावर कुणी टाकलेलं नाही.

आणि इतरांना माझी कळकळीची विनंती. अशा सहकाऱ्याशी कधीतरी धर्म सोडून बोला. तिची झोप झाली का, मुलाची परीक्षा कशी गेली, कुठलं गाणं डोक्यात घोळतंय. ऑलपोर्टने सांगितलेल्या अनुकूल गोष्टींत दोघांचा दर्जा समान असणं ही एक होती. सतत एकच माणूस उत्तरं देत असेल तर तिथे समानता उरत नाही.

घोळक्यात कुणी दुसऱ्या धर्मावर विनोद केला तर?

हसू नका. बऱ्याचदा तेवढ्यानेही फरक पडतो. जमलं तर शांतपणे विचारा, "म्हणजे? मला नाही कळलं." विनोद समजावून सांगावा लागला की त्यातला डंख सांगणाऱ्यालाच दिसतो. सगळ्यांसमोर पाणउतारा केलात तर तो माणूस आणखी हट्टाला पेटेल. नंतर बाजूला घेऊन "मला ते लागलं" म्हणा. मात्र ज्याच्यावर विनोद झाला तो तिथेच असेल तर वाट पाहू नका, तिथल्या तिथे बोला. त्याला त्या क्षणी एकटं पडू देऊ नये.

घरातली मोठी माणसंच असं बोलतात. वयाचा मान ठेवून कसं सांगू?

माझ्याकडे सोपं उत्तर नाही. माझ्या घरातही हे झालं आहे आणि मी आवाज चढवून काहीही साधलं नाही. एके दिवशी मात्र मी काकांना विचारलं, "काका, तुम्हाला कधी कुणी परकं म्हणून वागवलं होतं का?" ते बराच वेळ गप्प होते. मग तरुणपणी दूरच्या शहरात बोलण्याच्या ढबीवरून लोक कसे हसायचे, ते सांगू लागले. मी त्यावर काही शिकवण दिली नाही. पुढे त्यांच्या बोलण्यातली धार कमी झाली, नाहीशी झाली असं म्हणणार नाही.

डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला यांचा २०१६ चा अभ्यास ट्रान्सजेंडर व्यक्तींविषयीच्या पूर्वग्रहावर होता, पण त्यातली रीत अशीच होती. सुमारे दहा मिनिटांचं संभाषण, त्यात दोष न देता विचारणं आणि माणसाला स्वतःला वेगळं पाडलं गेल्याचा प्रसंग आठवायला लावणं. झालेला बदल तीन महिन्यांनंतरही टिकून होता.

समोरचा माणूस मला त्याच्या धर्मात ओढू पाहतोय.

एकदा स्पष्ट सांगा. "तुमच्या श्रद्धेबद्दल ऐकायला मला आवडेल, पण ती स्वीकारण्याबद्दल बोलणं नको." तरी चालूच राहिलं तर उठा. आदराने बोलायचं ठरवलं म्हणून अपमान, दबाव किंवा धमकी सोसायचं बंधन येत नाही. सुरक्षित वाटत नसेल तिथे संभाषण सावरण्याची जबाबदारी तुमची नाही.

हे बोलणं संदेशांवर केलं तर सोपं जाईल का?

अवघड विषयासाठी नको. जस्टिन क्रूगर, निकोलस एपली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ईमेलबद्दल दाखवलं की आपला सूर समोरच्याला कळेल याची लिहिणाऱ्याला वाटणारी खात्री प्रत्यक्षापेक्षा कितीतरी जास्त असते. संदेशात फक्त वेळ ठरवा. बोला समोरासमोर, निदान फोनवर.

माझ्या लहान मुलीने भर रस्त्यात एका अनोळखी बाईंच्या पेहरावाबद्दल मोठ्याने विचारलं. मी तिला गप्प केलं. चुकलं का?

प्रत्येक पालक आधी हेच करतो. पण "शूऽऽ" ऐकलं की मूल एवढंच शिकतं की या माणसांबद्दल बोलायचं नसतं. "त्यांना तसा पोशाख आवडतो, त्यांच्यासाठी तो महत्त्वाचा आहे" असं नेहमीच्या आवाजात सांगा. त्या बाईंशी नजरानजर झाली तर हसा. पुष्कळदा त्या स्वतःच मुलीशी बोलू लागतात.

सुरुवात कुठून करू?

चर्चेपासून करू नका, कामापासून करा. एकत्र सामान हलवा, रोपं लावा, एखाद्या आजारी शेजाऱ्याच्या पाळ्या वाटून घ्या. हात कामात असले की नजर सतत चेहऱ्यावर रोखावी लागत नाही आणि मधली शांतता अवघड वाटत नाही. धर्माचा विषय निघायचा तेव्हा निघेल. रुग्णालयाच्या बाकावर रात्र काढताना शेजारचा माणूस डोळे मिटून काही पुटपुटतो. थोड्या वेळाने तुम्ही हळूच विचारता, "तुम्ही आत्ता काय म्हणत होतात?" आणि तो थोडं सरकून तुम्हाला जागा करून देतो.